निळा उजेड आणि पिवळा पापुद्रा

मित्रांनो, भाजलेल्या रुग्णांच्या खोलीत खिडकीजवळ मान खाली घालून उभा असलेला तो दिवा दिसतो ना, तो मी. आता जुना झालो आहे. माझ्या डोक्यातले काही मणी कायमचे विझले आहेत आणि हलवलं की चाकं कुरकुरतात. पण एक सांगतो, मी कुणाला वाट दाखवायला जन्मलो नव्हतो. माझ्या उजेडात पुस्तक वाचायला बसाल तर डोळे दुखतील. मी जन्मलो जंतूंसाठी.

ज्या कारखान्यात मी तयार झालो, तिथे माझ्या डोक्यात निळा-जांभळा उजेड देणारे बारीक मणी मधाच्या पोळ्यासारखे जवळजवळ बसवले. त्यांच्यासमोर एक स्वच्छ काच लावली. वाटेत काचेवर ओरखडा पडू नये म्हणून कारागिराने तिच्यावर पारदर्शक प्लास्टिकचा पापुद्रा चिकटवला. वापरण्याआधी तो काढतील, असं तो धरून चालला असावा.

दवाखान्यात मला पहिल्यांदा हात लावला तो जंतूंचा अभ्यास करणाऱ्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी. त्या विद्यार्थ्यांना सांगत होत्या, "ह्या जंतूंनी एकेका औषधाला पाणी पाजलंय. कुणी औषध बाहेर फेकतो, कुणी त्याचे तुकडे करतो. पण त्यांच्या पोटात एक रंगद्रव्य असतं, त्यांनी स्वतःच्याच गरजेसाठी बनवलेलं. हा उजेड त्यावर पडला की आसपासचा प्राणवायू पिसाळतो आणि जंतूला आतून पोखरतो."

मी थक्क झालो. वात त्यांच्याच घरात तयार होती! मी होतो नुसती काडी.

बाईंनी जंतू पसरलेली एक काचेची बशी माझ्याखाली ठेवली आणि तिचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकला. दुसऱ्या दिवशी पाहतात तर झाकलेल्या अर्ध्या भागावर सायीसारखे दाट ठिपके, आणि उघडा अर्धा भाग धुतल्यासारखा कोरा. मधली रेघ पट्टीने आखावी इतकी सरळ. "अगं बाई!" एवढंच त्या म्हणाल्या. त्या रेघेकडे मीही पाहत राहिलो.

मग बाई पुढच्या शिक्षणासाठी निघून गेल्या आणि मी सामानाच्या खोलीत गेलो. तिथे सामान सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या शिपायाचं, सगळे ज्यांना कपाटकाका म्हणत त्यांचं, राज्य होतं. काका प्रेमळ, पण नव्या वस्तूचं प्लास्टिक काढणं म्हणजे त्यांच्या लेखी कळी खुडणं. तिथल्या खुर्च्या, वजनकाटा, माझी काच, सगळं जसंच्या तसं. "राहू द्या हो, नवं राहतं," असं म्हणत ते माझी धूळ पुसायचे. झरोक्यातलं ऊन मात्र रोज माझ्यावर पडायचं, आणि पापुद्रा हळूहळू जुन्या वर्तमानपत्रासारखा पिवळा पडत गेला.

वर्षं लोटली. बाई परतल्या आणि त्याच सुमारास एक बसचालक ताई दाखल झाली. इंजिनातलं उकळतं पाणी उडून तिचं उजवं पाऊल भाजलं होतं. त्या जखमेत असे जंतू बसले होते की कुठलंच औषध लागू पडेना. मोठे सर्जन म्हणाले, "पुढच्या तपासणीतही जंतू असेच दिसले तर ते वर चढण्याआधी पाऊल काढावं लागेल."

ताई हसण्याचा प्रयत्न करत म्हणाली, "डावं घ्या हवं तर. उजवं ब्रेकचं आहे."

बाईंनी मला बाहेर आणवलं. मी जीव तोडून उजळलो, पण माझा बहुतेक उजेड काचेपाशीच अडत होता. कुणाला दिसणार? माझ्यासमोर यायचं तर सगळ्यांना डोळे जपायला पिवळे चष्मे लागायचे, आणि पिवळ्या चष्म्यातून पिवळा पापुद्रा ओळखायचा कसा? रोज जखम धुतली जायची, रोज मी पेटायचो, आणि जंतू तसेच. सर्जन बाईंना म्हणाले, "लावून झाले ना दिवे?" मला तोंड असतं तर ओरडलो असतो.

एके दुपारी ताईची धाकटी बहीण डबा घेऊन आली. मी अजून बंद होतो, म्हणून कुणी चष्मा घातला नव्हता. ती माझ्याखालच्या स्टुलावर बसली, वर पाहिलं आणि खुदकन हसली.

"ताई, हा दिवा तुझाच भाऊ गं!"

"का, काय झालं?"

"तुझ्या फ्रिजवर प्लास्टिक, रिमोटवर प्लास्टिक. ह्याचंही कुणी काढलेलं नाही. बघ, कोपरा सुटलाय."

"असू दे की. चांगलं राहतं," ताई सवयीने म्हणाली.

दारात उभ्या असलेल्या बाईंच्या हातातले चष्मे तिथेच थांबले. त्या आल्या, सुटलेल्या कोपऱ्यात नख घातलं आणि चर्र करत पापुद्रा ओढला. तो खिडकीसमोर धरला. "पिवळा," त्या पुटपुटल्या. "निळा उजेड गिळणारा रंग. मी आधीच मोजायला हवं होतं." मग उजेड मोजायचं यंत्र आणवलं. पापुद्रा लावून आकडा पाहिला, काढून पाहिला. आकडा असा वर उसळला की सिस्टरांनी यंत्रच झटकून पाहिलं.

मित्रांनो, त्या दिवशी मी पुन्हा जन्मलो. खोल मांसात माझा उजेड पोचत नाही, आणि एकट्याने मी काहीच केलं नसतं. जखम धुणारे सिस्टरांचे हात रोज माझ्याआधी राबायचे. पण बशीतले ठिपके विरळ होत गेले. शेवटच्या तपासणीची बशी सर्जननी उजेडात धरली, फिरवली, पुन्हा धरली. त्यांचा आवाज एकदम लहान झाला. "इथे काहीच उगवलेलं नाही. आता नवी कातडी लावू. पाऊल राहतंय."

ताईने उजवं पाऊल हळूच पुढे दाबलं, हवेतला ब्रेक दाबावा तसं. धाकटी मात्र डब्याचं झाकण हातात धरून रडत होती.

कपाटकाका पिवळा पापुद्रा हातात घेऊन उभे होते. "मी जपलं होतं हो," ते म्हणाले.

"जपलंत म्हणून तर दिवा शाबूत सापडला, काका," बाई म्हणाल्या. "आता वापरून जपू या." तेव्हापासून माझी काच काकाच पुसतात, आणि माझा उजेड मोजल्याशिवाय मला कुणी रुग्णापाशी नेत नाही.

माझी एवढीच विनंती आहे. वस्तूला जपा, पण गुंडाळून ठेवू नका. तिची काच पुसा, तिची ताकद मोजा, तिला तिचं काम करू द्या. आणि औषधं डॉक्टर सांगतील तशीच घ्या, म्हणजे जंतू इतके शिरजोर होणार नाहीत.

आता माझ्यापेक्षा तेजस्वी दिवे आले आहेत. मी बहुधा बंदच असतो. पण सकाळी खिडकीबाहेरच्या वळणावर एक बस येते. फुस्स करून ब्रेक लागतो, माणसं उतरतात, चढतात. तो ब्रेक कुणाचं पाऊल दाबतं, हे मला ठाऊक आहे.