तो ऐकत नाही

ओट्यावरून वाटी पडली. दुपारच्या शांततेत फरशीवर गोल गोल फिरत खणखणत राहिली. मी दचकले. गृहपाठ करणारी सलोनी दचकली. तीन वर्षांचा केदार आमच्याकडे पाठ करून दिवाणावर ठोकळे रचत होता, तो तसाच रचत राहिला.

माझ्यापुढे वही उघडी होती. संध्याकाळी कर्वेनगरच्या स्पोकन इंग्लिशच्या क्लासात हिअर आणि लिसन शिकवायचं होतं. कॉल सेंटरला लागू पाहणारी मुलं हमखास 'आय ॲम हिअरिंग यू' म्हणतात. म्हणून लिहून ठेवलं होतं: हिअर आपण करत नाही, ते कानावर पडतं, त्याला सहसा आयएनजी लावायचा नाही. लिसन आपण लक्ष देऊन करतो, आणि ज्याचं ऐकतो त्याच्याआधी 'टू' हवा. खाली मराठीत दोन ओळी. त्याला ऐकू येतं. तो ऐकतो.

तिथे माझं पेन थांबलं.

मी वाटी उचलली आणि मुद्दाम टाकली. केदारने निळ्यावर लाल ठोकळा ठेवला. कुकरचं झाकण घेऊन त्याच्या पाठीमागे गेले, पळीने वाजवलं. एकदा. मग जोरात. मग वेड्यासारखी वाजवतच सुटले.

"आता भांडी फोडायचीही शिकवणी घेतेस का?" आतून सासूबाई.

"आई, केदारला ऐकू येत नाही."

"ऐकत नाही, हे मी वर्षभर सांगतेय. लाडावलाय."

"ऐकत नाही नव्हे हो! ऐकू येत नाही!"

त्या बाहेर आल्या. "काहीतरीच तुझं. दिग्विजयही चार वर्षांचा होईतो बोलत नव्हता." तरी माझ्या हातातून झाकण घेऊन त्यांनी स्वतः वाजवलं. मग हाक मारली. "केदार. ए राजा." मग झाकण मांडीवर घेऊन खुर्चीत बसल्या.

हडपसरला दिग्विजयच्या ऑफिसात फोन लावला. "क्लायंट लाइनवर आहे गं, नंतर," तो कुजबुजला आणि ठेवला. कानाच्या डॉक्टरांकडे लावला. गुरुवारची वेळ मिळेल, तिथल्या रिसेप्शनिस्ट बाई म्हणाल्या.

"आजच बघा ना, हवं तर दारात बसून राहते."

"मॅडम, इतके दिवस थांबलात, आता तीन दिवस थांबा."

मी केदारला घट्ट धरलं, त्याच्या कानाला तोंड लावून ओरडले, "बाळा, आई! आई म्हण!" माझ्या श्वासाने त्याला गुदगुल्या झाल्या. तो खिदळला आणि एक ठोकळा माझ्या हातात दिला.

सलोनी पेन्सिल चावत बघत होती.

"आई, त्याला कधीच ऐकू आलं नाही?"

"माहीत नाही गं."

"मग काल जिन्यात तू 'थांब थांब' ओरडलीस आणि तो थांबला नाही, म्हणून मारलंस ना..." तिने पेन्सिल वहीवर ठेवली. "त्याला काय वाटलं असेल, तू का मारलंस?"