चेटकिणीच्या लेकीचं वाचन

वस्तीतल्या कुठल्याही पोराला अठरावं संपलं की नोंदणी कचेरीतून बोलावणं येई. ही वस्ती गोष्टींतल्या दुष्टांची. म्हणजे दुष्टपणा केला आईबापांनी आणि कुंपणाआड राहायचं पोरांनी. न्याय देणाऱ्यांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. सुटायचा मार्ग एकच. कचेरीत उभं राहून आपल्या आईबापाचा गुन्हा मोठ्यानं वाचायचा आणि शेवटी म्हणायचं, हे मला मान्य आहे, मी यांची कोणी नाही. तेवढं म्हटलं की शहराचा परवाना हातात. गुन्ह्याचा कागद मात्र आधी दाखवत नसत, कारण पोरं पाठ करून येतात आणि भडाभडा ओकून टाकतात, अशी कारकुनाची तक्रार होती.

ठिणगीला परवाना हवाच होता. शहरातल्या बुटांच्या कारखान्यात तिची जागा ठरली होती, सोमवारी हजर व्हायचं होतं. चामडं कापण्यात तिचा हात धरणारं वस्तीत कोणी नव्हतं. हे सगळं शिकवलं तिच्या आईनं, चेटकिणीनं, पण त्याबद्दल लेकीनं कधी चांगला शब्द काढला नाही. आईनं एक तान्हं मूल खाल्लं होतं. राक्षसाची पोरंसुद्धा, आमच्या बाबांनी निदान मोठी माणसं खाल्ली, म्हणून नाक वर करून चालत. लहानपणी ठिणगीनं एकदाच विचारलं, खरं का गं? आई बुटाची टाच ठोकत म्हणाली, लिहून ठेवलंय म्हणजे असणारच. त्या दिवसापासून ठिणगी आईच्या शेजारी झोपायची बंद झाली.

कचेरीत पुढच्या बाकावर चेटकीण मान खाली घालून बसली होती, तसा नियमच होता. समोरच्या गादीच्या खुर्चीत फिर्यादी, म्हणजे खाल्लेल्या मुलीचा बाप. लाकूडतोड्या. त्याला शिपाई सारखं पाणी विचारत होता. ठिणगीला त्याच्याकडे बघायची शरम वाटली.

तिनं वाचायला सुरुवात केली. अमुक साली, अमुक जंगलात, चेटकिणीनं चार महिन्यांची मुलगी पळवून खाल्ली. हाडंही सापडली नाहीत. विचारल्यावर गुन्हा लगेच कबूल केला. मग खाली बारीक अक्षरात मुलीची ओळख होती. कपाळावर भोवरा. डाव्या पायाला सहा बोटं.

ठिणगी थांबली. कारकून म्हणाला, वाचा पुढं. तिला पुढचं दिसेना. डाव्या पायासाठी आई घरी वेगळा फर्मा, म्हणजे बूट शिवायचा लाकडी साचा, ठेवायची, लेकीचा बूट दुसऱ्या कोणाला शिवू द्यायची नाही आणि नदीवरसुद्धा मोजे काढू द्यायची नाही. ठिणगीला तो आईचा विक्षिप्तपणा वाटायचा. खाल्लेली मुलगी कागद हातात धरून उभी होती.

ती खाली बसली, तिनं डावा बूट काढला, मोजा काढला आणि पाय लाकूडतोड्यासमोर ठेवला.

त्यानं बोटं मोजली. त्याचे ओठ हललेले सगळ्यांनी पाहिले. मग त्यानं तोंड फिरवलं.

"ही माझी नाही," तो म्हणाला. "माझी मेली."

आजवर चेटकिणीचा चढलेला आवाज कोणी ऐकला नव्हता. आताही तिनं तो चढवला नाही.

"तीनदा ठेवून गेलास तिला जंगलात," ती म्हणाली. "दोनदा मीच तुझ्या दारात आणून ठेवली. तिसऱ्यांदा नाही आणली. जिवंत आहे म्हटलं असतं, तर यांनी पुन्हा तुझ्याच हवाली केली असती."

शिपायाच्या हातातला पेला तसाच राहिला. इतकी वर्षं ठिणगी ज्या बाईचा तिरस्कार करत आली, त्या बाईनं तिला वाचवायला तिलाच खाल्ल्याचा आळ पत्करला होता. रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही.

कारकुनानं घसा खाकरला. असल्या प्रसंगाला त्याच्याकडे रकाना नव्हता. कागद बदलायचा तर वरपर्यंत जावं लागेल, त्याला काही वर्षं लागतील, तोवर शेवटचं वाक्य म्हणून टाका, परवाना तयार आहे, असं तो म्हणाला.

"म्हण गं," आई कळवळून म्हणाली. "नुसतं वाक्यच आहे ते. सोमवारी जायचंय ना तुला?"

ठिणगीनं परवान्याकडे पाहिलं. शिक्क्याची शाई अजून ओली होती.

"मी हिची आहे," ती म्हणाली. "लिहा."

कारकुनानं परवाना खणात टाकला. ठिणगी एका पायात बूट, एक पाय उघडा, अशीच जाऊन आईच्या बाकावर बसली. मूर्ख आहेस, आयुष्याचं वाटोळं केलंस, असं बडबडत आई तिच्या पायात बूट चढवायला वाकली. तिचे हात इतके कापत होते, की नाडी शेवटी ठिणगीलाच बांधावी लागली.