कल्पना कोणाची

वाळूजच्या त्या कारखान्यात कामात काही सुधारणा केली की कायझनचा कागद भरावा लागे. त्यावर एक चौकट होती : कल्पना कोणाची? विशाखानं सहा वर्षांत अकरा कागद भरले आणि अकराही वेळा तिथं 'राजेंद्र सर' लिहिलं. राजेंद्र सर तिचे सुपरवायझर. कल्पना तिच्याच होत्या. पण देवगाव रंगारीहून आयटीआय करून आलेल्या आपल्याला असं काही सुचतं, हे लिहायला तिचा हात धजत नसे. उद्या चुकलं तर सगळ्यांना कळेल, हिला चुकूनच घेतलंय.

क्वालिटी इन्चार्जची जागा निघाली, तेव्हा राजेंद्र सरांनीच तिचं नाव सुचवलं. मुलाखतीला तेही बसले. मॅनेजर सोमनाथ सरांनी फाइल चाळली.

"अकराही कल्पना राजेंद्रच्या. यात तुमचं काय?"

"सर सांगतील तसं केलं," विशाखा म्हणाली.

राजेंद्र सरांनी फाइल ओढून घेतली, चष्मा लावला. "मी कवा सांगितलं गं हे? हे ब्रॅकेटचं भोक सरकायचं थांबवलं, तेव्हा मी सुट्टीवर होतो, पोरीच्या लग्नात."

"म्हणजे खोटं लिहिलंत?" सोमनाथ सरांचा आवाज चढला नाही.

विशाखाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. सहा वर्षं तिला पकडलं जायची धास्ती होती. आज पकडली गेली, पण काम येत नाही म्हणून नव्हे.

"व्हय," ती म्हणाली.

"इन्चार्जच्या सहीवर माल बाहेर जातो. ही जागा आत्ता तुम्हाला देता येणार नाही. आधी हे कागद दुरुस्त करा."

रेकॉर्डला व्हाइटनर चालत नाही. चुकीवर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. विशाखा कँटीनमध्ये कागद घेऊन बसली. राजेंद्र सर चहा घेऊन समोर आले.

"अकरा सह्या न वाचता ठोकल्या मी," ते म्हणाले. "लाज काय तुला एकटीलाच वाटायला नको."

ती वर न बघता रेघा मारत राहिली. प्रत्येक रेघेखालून त्यांचं नाव स्पष्ट दिसत होतं. अकराव्या कागदावर रेघ मारून तिनं शेजारी लिहायला घेतलं आणि हात सवयीनं 'रा' काढून बसला.

तिनं त्यावरही रेघ मारली. सही केली. तारीख टाकली. मग 'विशाखा' लिहिलं.