हरणीचं दावं

सुग्रीवने लॅपटॉप दोन्ही हातांत धरून वजनाचा अंदाज घेतला, उलटा करून पोटाखालून हात फिरवला, कानाजवळ नेऊन त्याची घुरघुर ऐकली आणि मगच काउंटरवर ठेवला. जालन्यातल्या त्या जुन्या लॅपटॉपच्या दुकानाचा मालक बद्रीनाथ हसू दाबून हे सगळं बघत होता.

"काका, जनावर हाय का हे?"

"चालतंय ना बराबर?"

"तुमच्या समोर तर चालून राह्यलं. लहान हाय, जुनं हाय, पण कॅमेरा हाय, नेट चालतंय. पोरीला बास."

लहान आणि जुनाच हवा होता. नवे मोठे लॅपटॉप त्याच्या पोरीने, रेणूने महिनाभर दुकानादुकानांतून पाहिले होते. किंमत ऐकली की 'बघते' म्हणायची आणि खाली मान घालून पायरी उतरायची. कॉलेजातल्या कॉम्प्युटरवर मिळेल तेवढा वेळ बसून तिने तिन्ही वर्षं काढली. पण उद्या रविवारी सकाळी अकराला पुण्याच्या एका कंपनीची तीन तासांची परीक्षा होती आणि ती घरूनच द्यायची होती. मोबाइल चालणार नव्हता. खोली बंद हवी, कॅमेरा सुरू हवा, मागे माणूस दिसला की परीक्षा रद्द. कॉलेज रविवारी बंद. तिच्या मैत्रिणीकडे, प्रीतीकडे लॅपटॉप होता, पण प्रीतीचीही परीक्षा त्याच वेळेला.

"आबा, ही नोकरी गेली तर मंग माझं शिकणं वायाच गेलं समजा," असं म्हणून एरवी न रडणारी पोरगी काल भाकरी थापता थापता रडली होती. सुग्रीवला ते बघवलं नाही.

म्हणून आज सकाळी त्याने हरणी विकली. हरणी म्हणजे घरच्या गाईची कालवड, त्याच्या हाताखाली वाढलेली. राजूरला दुधाचा धंदा करणाऱ्या वच्छलाबाईच्या दारात ती बांधून दिली. पैसे हातात आल्यावर त्याने रीतीप्रमाणे हरणीच्या गळ्यातलं सुती दावं सोडून घेतलं. जनावर द्यावं, दावं देऊ नये. दाव्याबरोबर दावणीची बरकत जाते, असं मेंढ्या राखणाऱ्या आजोबाच्या वेळेपासून त्याच्या घरात मानत आले होते. वच्छलाबाईनेही मागितलं नाही. तिने आपला नायलॉनचा दोर आणला. हरणीचं दावं आता सुग्रीवच्या पिशवीत होतं.

त्याने रेणूला फोन लावला. तिचं प्रॅक्टिकल चालू होतं, फोन बंद लागला.

"काका, जल्दी सांगा. दुसरं गिऱ्हाईक येऊन राह्यलं याच्यासाठी. आन एक ऐकून घ्या बराबर, याच्यासंगं चार्जर न्हाई. म्हणून तर सस्तात देऊन राह्यलो."

हे ऐकून सुग्रीवला बद्रीनाथबद्दल उलट आदरच वाटला. शहरात दुकान टाकलं तरी माणूस रीत विसरला नव्हता. विकणाऱ्याने दोरी आपल्याकडेच ठेवायची असते.

"बराबर हाय तुमचं. न्हाईच द्यायचं. आमच्यातबी तसंच असतंय."

बद्रीनाथला काही कळलं नाही, पण गिऱ्हाईक घासाघीस करत नाही हे कळलं. त्याने लॅपटॉप पिशवीत घालून दिला. सुग्रीवच्या घरी मोबाइलचे चार्जर होतेच की!

संध्याकाळी केदारखेड्याच्या घरी रेणूने लॅपटॉप उघडला, पडद्यावर उजेड पडला आणि तिचा चेहरा असा फुलला, की सुग्रीवला हरणीची रिकामी दावणही क्षणभर टोचेनाशी झाली. दावं त्याने खुंटीला अडकवलं.

"आबा, चार्जर कुठंय?"

तिच्या आईने, उषाबाईने मोबाइलचा चार्जर पुढे केला. रेणूने तो लावून पाहिला, दुसरा लावून पाहिला.

"हे न्हाई बसत. याला गोल पिन लागती. आबा, तुम्ही मागितला न्हाई का?"

"विकणारा कुठं दावं देत असतो, माय..." सुग्रीव बोलून गेला आणि तिथेच थांबला. आपण काय केलं ते त्याला त्याच घडीला उमगलं. पोरीने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तिने एकदा खुंटीकडे पाहिलं, एकदा बापाकडे, आणि लॅपटॉप हळूच बंद केला.

"अर्धी बॅटरी हाय. बंद ठेवते. पुरंल उद्या."

पुरणार नाही हे तिच्या आवाजातच होतं.

सकाळी सुग्रीव पहिल्या गाडीने निघाला तेव्हा रेणूने पेनाने त्याच्या तळव्यावर लॅपटॉपचा नंबर लिहून दिला. कागद हरवतो, हात कसा हरवेल! जालन्यापर्यंत तो हात त्याने उताणा मांडीवर ठेवला, घाम आला की फुंकर घातली.

बद्रीनाथचं शटर खाली होतं. पाटीवरच्या नंबरावर फोन केला.

"रविवारी बंद असतंय, काका. आन माझ्याकडं न्हाईच त्याचा चार्जर. मी तर सांगितलं व्हतं तुम्हाला."

सांगितलं होतं. शिवी द्यायलासुद्धा जागा नव्हती. सुग्रीव मग उघड्या दिसेल त्या दुकानात शिरत सुटला आणि तळवा दाखवत सुटला. कोणी म्हणालं, हे मॉडेल आता येत नाही. कोणी म्हणालं, ऑर्डर टाका, चार दिवसांनी या. एकाने तर हात बघून ज्योतिषाकडे जायला सांगितलं आणि स्वतःच हसला. "साहेब, माझ्या पोरीची परीक्षा हाय हो," एवढंच सुग्रीवला बोलता येत होतं, आणि ते तो प्रत्येक पायरीवर बोलला.

शेवटी एका दुरुस्तीवाल्याने जुन्या वायरींचं खोकं जमिनीवर ओतलं. त्यातून एक चार्जर निघाला. पिन बरोबर आहे, असं तो छातीठोक म्हणाला तेव्हा अकरा वाजून गेले होते.

सुग्रीव बसस्टॉपवरून घरापर्यंत पळत आला. दार बंद होतं. पायरीवर बसलेल्या उषाबाईने तोंडावर बोट ठेवलं.

"चालू हाय आत. गडबड करू नका. माणूस दिसला तर रद्द व्हतंय म्हने."

आत काहीच आवाज नव्हता. म्हणजे पोरगी लिहीत असणार. चार्जर छातीशी धरून तो उंबऱ्याबाहेर बसला. दार ढकलायला हात उचलला आणि खाली घेतला. नवरा-बायको दोघांनी श्वाससुद्धा जपून घेतला.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. रेणूचे डोळे सुजले होते.

"कधीचंच बंद पडलं, आबा. निम्मा पेपर झाल्ता."

"मंग बाहेर का न्हाई आली गं?" उषाबाईने विचारलं.

"तुम्ही दोघं आस लावून बाहेर बसल्याचं कळलं मला, तोंड दाखवायचं जिवावर आलं. चार्जर मिळाला असंल असं वाटलंच न्हाई," रेणू म्हणाली. बापाच्या हातातला चार्जर तिने घेतला आणि लावला. पिन अगदी बरोबर होती. पडद्यावर उजेड पडला, पण परीक्षेची वेळ संपली होती.

त्या रात्री सुग्रीवने ताट बाजूला सारलं. आपण चोरी केली नाही, पैसा उडवला नाही, रीत पाळली, आणि पोरीच्या पायावर धोंडा पाडला, हे त्याला कुठल्याच बाजूने सोसत नव्हतं.

सोमवारी सकाळी त्याने खुंटीवरचं दावं काढलं आणि राजूर गाठलं. वच्छलाबाई हरणीपुढे कडबा टाकून हताश उभी होती.

"बरं झालं आले. परवापासून खायना झाली ही. दोर काचून राह्यला, मान बघा."

सुग्रीवने पिशवीतून दावं काढलं.

"हे काय करून राह्यले, भाऊ? दावं कुणी देतं व्हय? बरकत जाईल ना घरची!"

"जाऊ द्या. द्यायचं तर सगळं द्यावं, बाई. अर्धं दिलेलं कुणाच्या कामाचं?"

त्याने नायलॉनचा दोर सोडला, काचलेल्या जागेवर हात फिरवला आणि सुती दावं गळ्यात बांधलं. हरणीने मान झटकली, दावं हुंगलं आणि मग त्याचा तळवा चाटायला लागली. कालपासून धुऊनही त्यावरचा निळा नंबर अजून पुरता गेला नव्हता. खरखरीत जिभेखाली तो पुसट होत गेला, तरी सुग्रीवने हात मागे घेतला नाही.