मांड्यांचे किती घेत होतात?

मी एक जुनं खापर आहे, मित्रांनो. कुणाला दोष द्यायचा झाला की माझ्या भाऊबंदांना तुम्ही दुसऱ्याच्या डोक्यावर फोडता, तेवढीच काय ती तुम्हाला आमची आठवण. एरवी आमचं काम काय, हे शहरातल्या पोरांना सांगावंच लागतं. तर ऐका. मी मोठ्या घमेल्याएवढं, मातीचं. चुलीवर मला पालथं घालतात आणि माझ्या पाठीवर पुरणाचे मांडे भाजतात.

मांडा म्हणजे पुरणपोळीचा थोरला भाऊ. त्याला पोळपाट-लाटणं चालत नाही. दोन लाट्यांच्या मध्ये पुरण भरायचं, कडा दाबायच्या आणि मग तो या हातावरून त्या हातावर, त्या हातावरून या हातावर फिरवत राहायचं. बोटांपासून कोपरापर्यंत हात हेच त्याचं पोळपाट. फिरता फिरता तो वाढत जातो, पातळ होतो, आणि मनगटाला नेमका हिसका दिला की अलगद माझ्या पाठीवर येऊन पसरतो. सगळा खेळ मनगटाचा. ते वळलं नाही तर मांडा नाही.

मला भडगावच्या वना कुंभाराने घडवलं, गिरणेच्या काठच्या मातीतून. बाजाराच्या दिवशी आम्ही सात जण ओळीने मांडलेले होतो. एक उंच, सडसडीत बाई आली, तिने बोटाच्या पेराने एकेकाला वाजवून पाहिलं, कान लावून ऐकलं आणि मला उचललं. बाकीचे सहा जण तिला बोद्या, फुटक्या आवाजाचे वाटले म्हणे! मी तेव्हा किती फुगलो असेन, विचारू नका. तीच माझी भिकुबाई.

तिच्या हाताला यश होतं. आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला, श्रावणात कानबाई देवीच्या रोटांना, लग्नाकार्याला पंचक्रोशीतून निरोप यायचे. दुसऱ्याचं खापर तिला चालायचं नाही. ती डोक्यावर चुंबळ ठेवायची, चुंबळीवर मला, आणि निघायची. एस.टी.ने जायचं असलं तर मी तिच्या मांडीवर. लोखंडावर ठेवलं की हादऱ्याने खापर तडकतं, म्हणून दोन्ही हातांनी मला कवळ्यात धरायची. धुळ्याला देवपुरात एका लग्नाला जाताना कंडक्टरने विचारलं होतं, या लेकराचं अर्धं तिकीट फाडू का. ती हसली, पण हात सोडला नाही.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या, कारण पुढचं सगळं दुःख तिच्यातून आलं आहे. भिकुबाई मांड्यांचे पैसे ठरवायची नाही आणि मागायची तर नाहीच. तिच्या सासूने सांगून ठेवलं होतं, की अन्नपूर्णेच्या कामाची मजुरी घेतली की हाताचा गुण जातो. पंगत उठली की घरची बाई येऊन तिच्या पदरात काय ते टाकायची. पायलीभर गहू, कधी लुगडं, वर थोडे रुपये. भिकुबाई न मोजता पदराला गाठ मारायची. आणि खरं सांगायचं तर घर त्या गाठीवरच चालायचं. तिचे यजमान उखर्डूनाना लवकर गेले. शेत नाही, बैल नाही. एकुलता मुलगा तिने त्यावरच वाढवला आणि सून बेबाबाई आणली तीही त्यावरच.

अठ्ठ्याऐंशी सालच्या वैशाखात झुंबरलाल शेठच्या घरी लग्न होतं. शेठ मूळचे राजस्थानचे, पण तीन पिढ्या आमच्या गावात कापसाचा व्यापार करणारे. गावजेवणाला मांडेच हवेत, असा शेठाणी झमकूबाईंचा हट्ट होता. सकाळपासून माझ्या पाठीवर दोनशेच्या वर मांडे उतरले. दुपारी एकदम गलका झाला. नव्या नवरीची सोन्याची पाटली सापडत नव्हती.

मांडे करताना हात कोपरापर्यंत मोकळे लागतात. म्हणून भिकुबाई नेहमी हातातले चांदीचे गोट काढून पदराच्या टोकाला बांधायची. कुणीतरी तिला गाठ मारताना पाहिलं होतं. झालं! जमादार आला, त्याने गाठ सोडायला लावली. निघाले चांदीचे गोट. तरी तो म्हणाला की ठाण्यावर चला, तिथे बघू. शेठ मान खाली घालून उभे राहिले. झमकूबाई आत रडत होत्या, पण बाहेर आल्या नाहीत. भिकुबाईने वाद घातला नाही. तिने फक्त मला चुलीवरून उतरवलं, लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलं आणि बरोबर घेतलं. जमादार म्हणाला ठेव इथेच, तर तिने ऐकलं नाही.

पोलिसांच्या जीपच्या मागच्या दाराची कडी तुटलेली होती. दार सुतळीने बांधलं होतं. हे जमादाराला ठाऊक होतं, ड्रायव्हर सुकदेवला तर होतंच होतं. तरी तिला त्या दाराशेजारी बसवलं आणि जमादार स्वतः पुढे जाऊन बसला. पुलाच्या आधी वळण आहे. तिथे गाडीने गचका खाल्ला, सुतळी तुटली, दार उघडलं. हाताशी लोखंडी दांडा होता, तो धरला असता तर भिकुबाई पडली नसती. पण तिच्या दोन्ही हातांत मी होतो.

ती मला छातीशी धरूनच खडीवर पडली. सगळा भार उजव्या हातावर आला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला आहे, मित्रांनो. मला टवकासुद्धा उडाला नाही. तेव्हा मी फुटलो असतो तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

तिला तिथून दवाखान्यात न्यायला हवं होतं. नेलं ठाण्यावर. आधी जबाब, मग डॉक्टर, असं जमादाराने ठरवलं. हाताला एक फडकं गुंडाळून तिला बाकावर बसवून ठेवलं. हात सुजून माझ्यासारखा काळानिळा झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी निरोप आला, की पाटली शालूच्या घडीत सापडली. जा म्हणाले. तिची माफी कुणी मागितली नाही की तिला गाडीने घरी सोडलं नाही. जळगावच्या डॉक्टरांनी हात पाहिला आणि हळहळले. लगेच आणलं असतं तर नीट बसलं असतं म्हणाले. हाड वेडंवाकडं जुळलं. बोटं हलत होती, पण मनगट काही वळेना.

पुढची वर्षं कागदांची. भडगावचे पितांबर वकील भला माणूस, त्यांनी स्वतःहून अर्ज केला. पोलिसांचं म्हणणं एकच होतं, बाईने दांडा धरायचा सोडून खापर धरलं, चूक तिची. पण सुकदेव ड्रायव्हरने नोकरीची पर्वा न करता सांगितलं, की कडी तुटल्याचं मी तीन वेळा लिहून दिलं होतं. वरच्या कोर्टाने निकाल दिला. ज्याला तुम्ही ताब्यात घेतलं त्याचा जीव, त्याचे हातपाय सांभाळणं तुमचं काम. सरकारने भरपाई द्यावी, आणि हात गेल्याने बाईची कमाई किती बुडाली याची चौकशी करून तीही द्यावी. आमच्या घरात त्या दिवशी गूळ वाटला गेला. मुलगा तोवर कामासाठी सुरतेला गेला होता, घरात दोन नातवंडं होती. ती कमाईची रक्कम मिळाली तर मुलगा परत येईल, दारात किराणा टाकेल, असे बेत बेबाबाई करू लागली.

चौकशी पंचाण्णव साली झाली. वकिलांनी सांगितलं होतं म्हणून मलाही जळगावला नेलं, काम कसं असतं ते साहेबांना दाखवायला. बेबाबाईने मला धरलं होतं. गाडीत वकील भिकुबाईला पुन्हा पुन्हा पढवत होते. महिन्याला पाचशे सांगा आक्का. यात खोटं काही नाही, गहू, लुगडी, रोकड धरली तर तेवढं होतंच. ती खिडकीबाहेर बघत हं हं करत होती.

साहेब माणूस वाईट नव्हता. त्याने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, माझ्या पाठीवरून हातसुद्धा फिरवला. मग कागद पुढे ओढून विचारलं, "आजीबाई, मांड्यांचे किती घेत होतात?"

वकिलांनी खाकरून पाहिलं. मी मनातून ओरडत होतो, सांग गं बाई, एकदाचं सांगून टाक! पण ज्या गोष्टीला चाळीस वर्षं तिने किंमत लावली नव्हती, तिला त्या टेबलावर किंमत कशी लावणार? भिकुबाईने मान वर केली.

"अन्नपूर्णानं काम शे साहेब. मांडासना पैसा मी कधी लिधा नही."

मांड्यांचे पैसे आपण कधी घेतलेच नाहीत, असं तिने आमच्या अहिराणीत सांगून टाकलं आणि वकिलांनी कपाळाला हात लावला. साक्षीला झमकूबाई आल्या होत्या. त्या दिवशी आपण बाहेर आलो नाही, हे त्यांना सात वर्षं टोचत होतं. त्या उठून म्हणाल्या की साहेब, आम्ही दर वेळी दिलंय, गहू दिलेत, रोख दिलंय, माझ्या हाताने दिलंय. भिकुबाईने त्यांच्याकडे वळून पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता.

"ते तुम्हीन मन्हा पदरमा टाकं, झमकूबाई. मी मांगेल नव्हतं."

साहेबाने लेखणी खाली ठेवली. असं लिहिलं तर तुमचंच नुकसान होईल, हे त्याने तिला दोनदा समजावलं. ती एवढंच म्हणाली, की जे आहे ते लिहा.

पावसाळा सरता सरता कागद आला. वकिलांनी दारात बसून वाचला. झालेल्या यातनांबद्दल पाच हजार रुपये मंजूर. त्याखाली होतं, व्यवसायापासूनचे उत्पन्न निरंक. भिकुबाईने निरंक म्हणजे काय ते विचारलं. वकील चष्मा पुसत बसले. शेवटी बेबाबाईच म्हणाली की काहीच नाही, आत्या. सरकारच्या लेखी तुमचं काम म्हणजे काहीच नाही.

भिकुबाईने आपल्या वाकड्या हाताकडे पाहिलं. मग तिने विचारलं, "मंग चाळीस साल मी काय कयं?"

चाळीस वर्षं आपण केलं ते मग काय होतं, असं ती विचारत होती. पैशांचं नुकसान ती सोसून गेली असती. पण आपण मजुरी घेतली नाही, हा तिचा सगळ्यात मोठा मान होता, आणि सरकारने नेमका त्याच्यापुढे भोपळा मांडला. हे तिच्या फार जिव्हारी लागलं.

दुसऱ्या दिवशी तिने चूल पेटवली आणि सात वर्षांनी मला पालथं घातलं. डाव्या हाताने कणीक तिंबली, पुरण भरलं. मांडा हातावर घेतला, दोनदा फिरवला, तिसऱ्यांदा मनगट अडलं आणि तो फाटून चुलीत पडला. दुसराही पडला. तिसरा माझ्या कडेवर अडकला, तो तिने सोडवून हातात घेतला आणि तसाच कच्चा धरून बसली. बेबाबाईने येऊन विस्तवावर पाणी मारलं. त्यानंतर तिने मला कधी चुलीवर ठेवलं नाही. पुढच्या आखाजीच्या आधीच ती गेली. मुलगा सुरतेहून आला तो तिला पोचवायलाच.

आता मी अंगणात उताणा पडून आहे. माझ्यात कोंबड्या पाणी पितात. त्याबद्दल माझी तक्रार नाही, मातीच्या भांड्याचं म्हातारपण असंच असायचं. तक्रार आहे ती दुसरीच. मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या जमादार होईल, कुणी साहेब होईल. ज्याला पकडून न्याल तो चोर असो वा साव, तो तुमच्या हवाली असतो, त्याला धड परत आणून सोडा. आणि हातून चुकून कुणाचा हात मोडलाच, तर त्याची भरपाई ठरवताना त्याने लोकांकडून किती घेतलं एवढंच विचारू नका. त्या जळगावच्या खोलीत साहेबाने भिकुबाईला, तुम्ही किती जणांना जेवू घातलंत, असं विचारलं असतं, तर ती न अडखळता बोलली असती, आणि तो कागद रात्र झाली तरी भरून संपला नसता.