बंधाऱ्याच्या अलीकडे

वाचनालयात पुस्तकं देणारी वहिनी आणि तिची दवाखान्यात नर्स असलेली नणंद, दोघी दर रविवारी सकाळी नदीवर कयाक चालवायला जायच्या. खूळ नणंदेचंच. वहिनीला पोहता येत नव्हतं. पहिला महिना ती जीव मुठीत धरून बसली, मग हळूहळू गोडी लागली. नणंद मागे बसून हुकूम सोडायची, वहिनी पुढे बसून मुकाट वल्हं मारायची. घरातही साधारण तसंच चालायचं.

त्या रविवारी पाण्याला ओढ होती. वरच्या धरणातून पाणी सोडलंय, पुलापलीकडे जाऊ नका, असं बोट क्लबच्या राखणदाराने बजावलं होतं. त्यांना जायचंही नव्हतं. पण पुलाजवळ कयाक वळवताना नणंदेने जोर लावला आणि ती कळवळली. तिचा खांदा निखळला होता. वल्हं हातातून सुटलं आणि बघता बघता पुढे वाहून गेलं.

कयाक पुलाखालून गेली. पुढे बंधारा होता. तो दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता. गिरणी चालावी तसा एकसारखा घरघरणारा आवाज. मागून हुकूम येईल म्हणून वहिनी थांबली.

"वहिनी," नणंद हळूच म्हणाली, "मला भीती वाटतेय."

सोळा वर्षांत हे वाक्य तिच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. आता सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

प्रवाहाविरुद्ध जायची ताकद आपल्यात नाही, एवढं वहिनीला कळत होतं. तिने समोर बघायचंच सोडलं. डाव्या काठावर एक झाड पाण्यात वाकलं होतं, त्याच्यावर नजर रोखून ती वल्हं मारत सुटली. कयाक तिरकी सरकत होती, पण काठाकडे वीतभर तर बंधाऱ्याकडे हातभर. पाणी मांडीवर आलं. आपण मोठ्याने रडत होतो हे तिला मागाहून नणंदेने सांगितलं.

झाड हुकणार असं दिसताच तिने वल्हं टाकलं आणि दोन्ही हातांनी फांदी पकडली. कयाक गर्रकन फिरली, तरी दोन्ही पाय आत रोवून तिने ती धरून ठेवली. तळव्यांची सालं निघाली. कयाक पुलाखालून जाताना बघून राखणदार मोटरबोट घेऊन येईपर्यंत बहुधा दहा मिनिटंच गेली असतील. तेवढा वेळ नणंद चांगल्या हाताने तिचं जॅकेट गच्च धरून होती.

खांदा बसवून परतताना नणंद म्हणाली, "दादाला सांगू नकोस."

वहिनीने दारातच सगळं सांगितलं. तो आधी हसला, तुम्हा दोघींना घरातलं पाणी पुरत नाही का म्हणाला. मग तिने चहाचा कप घ्यायला हात पुढे केले. ते तळवे बघून त्याने कप खाली ठेवला आणि तिच्याजवळ येऊन बसला.