दगडावर काय कोरायचं

आईच्या थडग्याच्या दगडावर बाबांना म्हण कोरून हवी होती. धीराची म्हण: 'धीर धरेल त्याचं भलं होईल.' आमच्या बैठकीच्या खोलीत भिंतीतल्या शेगडीच्या वर चौकटीत लावलेली आहे तीच.

ती आईनेच भरतकाम करून केली होती. घरात अशा अकरा चौकटी. म्हणी बाबांच्या, टाके आईचे. बाबांनी, म्हणजे विल्फ्रेड शॉक्रॉस यांनी, चाळीस वर्षं गिरणीत माग चालवले आणि कुठल्याही दुखण्यावर त्यांच्याकडे म्हण तयार असायची. शेजारणीचा नवरा पळाला, म्हण. माझं लग्न मोडलं, म्हण. इंग्लंडातल्या लँकशर परगण्यातल्या आमच्या गल्लीत लोक याला शहाणपण म्हणतात. मी याला दुसऱ्याचं तोंड बंद करणं म्हणते.

गेल्या ऑक्टोबरात आईच्या घशाखाली घास उतरेना. टोस्टच्या कडा ती चहात बुडवून खायला लागली. एका सोमवारी धुणं अर्धवट टाकून तिने कोट चढवला, दवाखान्यात जाऊन येते म्हणाली. सोमवारचं धुणं सोडून आई कधी शेजारीही गेली नव्हती. त्यावरूनच कळायला हवं होतं. बाबांनी पेपरातून डोकं न काढता शेगडीच्या वर बोट दाखवलं आणि म्हण म्हटली. उगाच डॉक्टरला कशाला त्रास, दोन दिवसांत होईल बरं, असंही म्हणाले. आईने कोट काढला. फेब्रुवारीत डॉक्टर घरी आले तेव्हा पाणीही उतरत नव्हतं. मार्चमध्ये ती गेली.

आणि आता तीच म्हण दगडावर. पाथरवट क्लेगला मजकूर शुक्रवारपर्यंत हवा होता. बाबांनी तो सुवाच्य अक्षरात लिहून, कागदाची नीट घडी घालून माझ्या हातात दिला. मी तो त्यांच्यासमोर फाडला.

"म्युरिअल, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"आहे. तिने धीर धरला म्हणूनच ती तिथे आहे, बाबा. वर दगडावर लिहून शाबासकी देताय तिला?"

ते शेगडीकडे बघायला लागले. सवयच ती. मी चौकट खिळ्यावरून काढली आणि टेबलावर पालथी घातली.

"तुमचं नको, लोकांचं नको. तिचं स्वतःचं एक वाक्य सांगा. सेहेचाळीस वर्षं संसार केलात. एक सांगा."

बाबांनी पालथ्या चौकटीची कड टेबलाच्या कडेशी जुळवली. यांना एकही आठवत नाही, असं मला वाटलं, आणि खरं सांगते, आनंद झाला.

"'बरं, काढते कोट,'" ते शेवटी म्हणाले. "'काढते कोट. धुणं तरी उरकेल.' असं म्हणाली होती. रोज ऐकू येतं मला."

मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. मी क्लेगला नाव आणि तारखा तेवढ्या कळवल्या.

आईने कोट काढला त्या सोमवारी मीही त्याच टेबलाशी बिस्किटं खात बसले होते. बाबांनी बोट दाखवलं तेव्हा मी हसले होते. माझ्या त्या हसण्याचा विषय त्यांनी अजून एकदाही काढलेला नाही. त्यांनी तो काढावा म्हणून मी रोज नवं भांडण उकरून काढते.